पुदिना, शेप, जिरे

आमच्या मंडळीत पापांची एक न छापलेली यादी आहे. कुंकू, टिकली, गणपतीचा प्रसाद, सिनेमा, दारू, रविवारी चुकवलेली उपासना. हल्ली तिच्यात टॅटूही आलाय. ही यादी फार कडक आहे म्हणून माझ्या वयाची बरीच मुलं कुरकुरतात. माझी तक्रार उलटी आहे. ही यादी फार सैल आहे.

लग्न जुळवताना काय होतं ते बघा. मुलगा निर्व्यसनी, दशमांश देणारा, दर रविवारी हजर. सगळ्या खुणा बरोबर. मग आवाज खाली आणून पुढचा प्रश्न येतो, "पण मूळचे कोण?" पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, त्याला शंभर वर्षं झाली, तरी जात विचारायचीच. या प्रश्नाबद्दल आमच्या यादीत एक ओळ नाही. हुंड्याबद्दल नाही, घरकाम करणाऱ्या मावशींच्या वेगळ्या कपाबद्दलही नाही. नवी सून टिकली लावून आली, की मात्र प्रभुभोजनाआधी तिला बाजूला घेऊन समजावलं जातं.

मत्तयाच्या २३व्या अध्यायात येशू नेमका यावरच चिडतो. पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशमांश मोजून देणारे लोक न्याय, दया आणि विश्वास बाजूला टाकतात, असं तो म्हणतो. दशमांश देऊ नका, असं तो म्हणत नाही, हे विसरू नका. तेही करा, पण हे सोडू नका. शेपूच्या काड्या मोजता येतात, म्हणून त्या यादीत बसतात. मोजणी पूर्ण झाली की माणूस मोकळा होतो, आणि मला वाटतं, यादीची खरी ओढ या मोकळं होण्याचीच आहे. दयेचा हिशेब असा संध्याकाळी मिटत नाही.

(जाता जाता, 'परूशी' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, ते बरं नाही. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा, हे यहुदी धर्मशास्त्रही सांगतं. आमच्याकडे रविवारी ड्युटी असलेल्या नर्सला उपासनेत नाव न घेता टोमणा बसतो.)

गलतीकरांस पत्रातलं भांडण तर चक्क पंगतीचं आहे. अंत्युखियात पेत्र बिगर-यहुदी विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. याकोबाकडची माणसं आली, तसा तो घाबरून वेगळा बसायला लागला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला या प्रसंगाला टीपा लागू नयेत.

"नियम काढले तर मुलं मोकाट सुटतील," हे ठरलेलं उत्तर. पण नियम काढा असं म्हणतंय कोण? योहानाच्या शुभवर्तमानात येशू आज्ञा पाळायलाच सांगतो, फक्त प्रेम आधी ठेवतो. आणि प्रेमाने पाळलेली आज्ञा यादीपेक्षा जास्त मागते. पुरावा हवा असेल तर पंडिता रमाबाईंकडे बघा.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो प्रत्येक मराठी ख्रिस्ती तरुणाने वाचावा. रमाबाई मांसाहार करायला तयार नव्हत्या, तर तो जातीचा अहंकार ठरला. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरं हवीत म्हणाल्या, तर तेही खटकलं. भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून नुकती सुटले आहे, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी स्वच्छ कळवलं. जेराल्डीनबाई दुष्ट नव्हत्या. रमाबाईंवर त्यांची माया होती. पण आज्ञाधारकपणा म्हणजे वरच्याचं ऐकणं, याखेरीज दुसरा अर्थ त्यांना दिसत नव्हता.

वरच्यांचं न ऐकणाऱ्या या बाईने पुढे काय केलं? १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं केलं. शिकलेली नसलेल्या बाईलाही कळेल अशा मराठीत बायबल हवं, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची अखेरची वर्षं त्या भाषांतरात घातली. यातलं काहीही कुठल्या यादीत नव्हतं. केलं नसतं तर कुणी जाब विचारला नसता.

आमच्याकडे रमाबाईंवर भाषणं होतात. त्यांत दुष्काळ येतो, केडगाव येतं, संस्कृत क्रूस कधीच येत नाही. गेल्या वर्षी अशा भाषणानंतर मी एका वडीलधाऱ्या पंचांना विचारलं, रमाबाई आज आपल्या चर्चमध्ये आल्या, तर त्यांना प्रभुभोजन मिळेल का? त्यांनी खरोखर थोडा विचार केला.

"आधीच्या मंडळीचं पत्र आणावं लागेल," ते म्हणाले.