स्टारला बाकावर कोण बसवणार?

५ डिसेंबर २०२१. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये कनेक्टिकट विद्यापीठाच्या मुली नोटर डेमविरुद्ध आरामात जिंकत होत्या. अखेरचा स्कोअर ७३-५४, म्हणजे शेवटच्या मिनिटात काही उलटंपालटं होण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही संघाची सगळ्यात मोठी स्टार पेज बेकर्स मैदानातच होती. सामना संपायला ४० सेकंदही उरले नव्हते, तेव्हा तिचा गुडघा दुखावला. हाड मोडलं, मेनिस्कस फाटला आणि १९ सामने हातचे गेले.

जिंकलेल्या सामन्यातलं शेवटचं मिनिट ती का खेळत होती?

हा प्रश्न तुमच्या कॉलेजच्या जिमखान्यातही विचारायला हवा. पण आधी त्या संघाचं पुढे काय झालं ते बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये बेकर्सच्या दुसऱ्या दुखापतीत एसीएल तुटलं आणि अख्खा हंगाम गेला. मग अझी फडचा गुडघा. जानेवारी २०२३ मध्ये डीपॉलविरुद्धचा सामना चक्क पुढे ढकलावा लागला, कारण त्यांच्या बिग ईस्ट लीगमध्ये शिष्यवृत्तीवरचे किमान सात खेळाडू उपलब्ध असावे लागतात आणि यांच्याकडे तेवढ्याही मुली उरल्या नव्हत्या. तोवर ११ वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला संघ! फड १५ जानेवारीला परतली आणि त्याच सामन्यात तोच गुडघा पुन्हा दुखावून बसली.

सगळा दोष मिनिटांचा नाही, हे मान्य. बेकर्सचं एसीएल तुटलं ते सरावासारख्या साध्या खेळात. धडक बसते, पाय चुकीचा पडतो, आणि मुलींमध्ये एसीएलचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो हेही माहीत आहे. पण नशिबाचा भाग आपल्या हातात नाही, मिनिटांचा आहे. तोच आपण सोडून देतो.

आता आपलं बघा. आपल्याकडे पाच जण उभे राहिले की सामना सुरू. झोनल म्हणजे नॉकआउट, एकामागून एक दिवस सामने, खाली बऱ्याचदा सिमेंटचं कोर्ट. तुमच्या टीमचा जो कोणी 'हुकमी एक्का' असेल तो ४० पैकी किती मिनिटं खेळतो? विचारून बघा, कोणालाच सांगता येणार नाही. फाऊल मोजले जातात, पॉइंट मोजले जातात, मिनिटं कोणी लिहीतच नाही. गंमत म्हणजे बास्केटबॉलमध्ये बदली खेळाडूंना मर्यादाच नाही. बाहेर बसवलेला खेळाडू दोन मिनिटांनी पुन्हा आत येऊ शकतो. एवढी सोय फुटबॉलवाल्यांना मिळाली असती तर त्यांनी पेढे वाटले असते.

सरांना एकट्याला दोष देऊन चालणार नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये तीन पॉइंटनी मागे असलेल्या माणसाकडून शांत डोक्याने हिशेब होत नाही. म्हणून तो हिशेब आधीच व्हायला हवा, आणि जिंकण्या-हरण्याची घाई नसलेल्या कोणीतरी सांभाळायला हवा. दुखापतीतून परतलेली मुलगी पहिल्या सामन्यात किती मिनिटं खेळेल, हे सामन्याच्या आदल्या दिवशी ठरवा, कागदावर लिहा. फिजिओ नसेल तर राखीव खेळाडूंपैकी एकाला वही आणि मोबाइलचा स्टॉपवॉच द्या. खर्च शून्य.

खरी अडचण पुढे आहे. दुखतंय हे सांगणार कोण? खेळाचे वाढीव गुण असतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी वरच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे झोनलमध्ये बाकावर बसणं हे काहींसाठी करिअरच बाकावर बसण्यासारखं असतं. त्यात क्रेप बँडेज गुंडाळून, स्प्रे मारून उतरणाऱ्याला आपण टाळ्या देतो आणि "सर, आज नको" म्हणणाऱ्याला 'नाटकं' म्हणतो. हा शब्द सरांपेक्षा टीममेट्सच्या तोंडून जास्त येतो, हे तुम्हालाही माहीत आहे. एसीएलच्या ऑपरेशननंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने लागतात. तीन वर्षांच्या पदवीतले नऊ महिने. शिवाय ऑपरेशन आणि फिजिओथेरपीचं बिल आपल्याकडे बहुतेकदा घरचेच भरतात, कॉलेज नाही. संघात नाव लिहिताना विम्याचं विचारलंय कधी? विचारा. लेखी विचारा.

बेकर्स परतली आणि एप्रिल २०२५ मध्ये तिच्या संघाने साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असं हरवून विजेतेपद मिळवलं. अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू ठरली अझी फड. पण त्यांच्यामागे डॉक्टर, ट्रेनर, शिष्यवृत्ती आणि एक अख्खा हंगाम थांबायची मुभा होती. तुमच्या पॉइंट गार्डकडे यातलं काय आहे, ते पुढच्या झोनलची यादी लागायच्या आत जिमखान्यात जाऊन विचारा. आणि जाताना एक कोरी वही घेऊन जा.