उंची बेताची, म्हणून काय?

परवा उधन्याचे एक पालक आमच्याकडे आले. "गुरुजी, मुलगी कॉलेजच्या बास्केटबॉल संघात आली, पण उंची बेताची. नाव काढून घ्यावे काय?" मुलगी आमचीच विद्यार्थिनी, म्हणून उत्तर विचारपूर्वक देणे प्राप्त होते.

चेंडू पुढे नेणे व डाव रचणे हे गार्डचे काम. पाच जणींत साधारणतः दोघी गार्ड असतात. उंच मुली न मिळाल्यास प्रशिक्षक तिघी-चौघी गार्डही उतरवितात. त्याचे लाभ उघड आहेत. चेंडू सहसा हातून निसटत नाही, आठ सेकंदांत अर्धे मैदान ओलांडणे सुकर होते, आणि ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून साधलेल्या फेकीस तीन गुण मिळतात. तेथे उंचीहून सराव मोठा.

परंतु बास्केट सर्वांसाठी ३.०५ मीटर उंचच असते. हुकलेला चेंडू उंच हात आधी टिपतो. त्याला अडविताना फाउल वाढतात, आणि पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जाते. सतत धावून दमछाक होते, ती निराळीच.

म्हणून एक तरी उंच खेळाडू बास्केटखाली असावी, आणि गार्डनीही प्रतिस्पर्धिनीस पाठीने रोखून धरण्याची कला शिकावी, असे आमचे मत आहे.

चेन्नईच्या अनिता पॉलदुराई या गार्डच. त्यांनी भारताचे कर्णधारपद भूषविले, व २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आम्ही त्या गृहस्थांस इतकेच म्हणालो, "नाव राहू द्या. मुलीची उंची तिच्या हाती नाही, सराव आहे."