वेदनेला किती गुण?

ब्रिटनमधील अपंगत्व-भत्त्याच्या नियमांचा फेरआढावा सुरू आहे. जुनाट दुखणे घेऊन नोकरी करणाऱ्यांसाठी त्यात काय पणाला लागले आहे, याचा हा लेखाजोखा.

ब्रिटिश संसदेत सरकारने आपल्याच विधेयकातील मुख्य कलम ऐन चर्चेच्या मध्यात मागे घ्यावे, असे प्रसंग विरळा. १ जुलै २०२५ रोजी तसे घडले. 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट' म्हणजेच 'पिप' या अपंगत्व-भत्त्याची पात्रता कठोर करणारे कलम गाळण्याची घोषणा मतदानाच्या काही वेळ आधी मंत्री स्टीफन टिम्स यांनी सभागृहात केली. मजूर पक्षाच्या शंभराहून अधिक खासदारांनी त्यापूर्वीच विरोध नोंदवला होता. उरलेले विधेयक ३३५ विरुद्ध २६० मतांनी पुढे सरकले आणि सप्टेंबरमध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. पिपचा प्रश्न मात्र निकाली निघाला नाही. तो टिम्स यांच्याच सहअध्यक्षतेखालील फेरआढाव्याकडे सोपवण्यात आला असून २०२६च्या शरद ऋतूपर्यंत अहवाल अपेक्षित आहे.

गाळलेले ते कलम नेमके कोणावर आघात करणार होते, हे समजून घेतल्याशिवाय या फेरआढाव्याचे महत्त्व ध्यानात येत नाही. त्यासाठी पिपची रचना पाहावी लागते.

२०१३पासून लागू असलेला हा भत्ता उत्पन्नावर अवलंबून नाही. तो बेरोजगारीचा भत्ताही नाही. नोकरी करणाऱ्यालाही तो मिळू शकतो. आजारामुळे जगण्याचा जो जादा खर्च होतो, त्याला हातभार लावणे हा त्याचा हेतू. त्याचे दोन भाग आहेत. दैनंदिन जीवनाच्या भागात स्वयंपाक, जेवण, औषधोपचार, अंघोळ, शौच, कपडे घालणे, संभाषण, वाचन, लोकांत मिसळणे आणि पैशाचे व्यवहार या दहा कृती येतात. हालचालीच्या भागात प्रवासाचे नियोजन आणि चालणे या दोन. प्रत्येक कृतीतील अडचणीला गुण ठरलेले आहेत. एका भागात ८ गुण झाले तर साधा दर आणि १२ झाले तर वाढीव दर मिळतो. २०२५-२६ या वर्षात दैनंदिन जीवनाच्या भागासाठी हे दर आठवड्याला ७३.९० व ११०.४० पौंड, तर हालचालीच्या भागासाठी २९.२० व ७७.०५ पौंड होते.

महाराष्ट्रातून आलेल्या वाचकाला ही पद्धत सुरुवातीला चमत्कारिक वाटते. भारतात २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार निश्चित केले आहेत. वैद्यकीय मंडळाकडून टक्केवारीचे प्रमाणपत्र घ्यावयाचे आणि ४० टक्क्यांची रेषा ओलांडली की बहुतेक सवलतींचे दार उघडते. फायब्रोमायल्जियासारख्या जुनाट दुखण्याला त्या यादीत स्वतंत्र स्थान नाही. ब्रिटनमध्ये अशी यादीच नाही. रोगाच्या नावाला येथे एकही गुण नाही. आजारामुळे कोणती कृती अडते, याला गुण आहेत. क्ष-किरण चित्रात किंवा रक्ततपासणीत न दिसणाऱ्या दुखण्यासाठी हे तत्त्व वास्तविक अधिक न्याय्य आहे. मात्र प्रत्यक्षात या रुग्णांची वाट त्यामुळे सोपी झालेली नाही.

विखुरलेल्या अडचणीचे गणित

समजा, मँचेस्टरमध्ये काम करणारी एक संगणक अभियंता आहे. तिला फायब्रोमायल्जिया आहे आणि आठवड्यातले बहुतेक दिवस दुखण्यातच जातात. ओट्यापाशी उभे राहवत नाही म्हणून उंच स्टुलावर बसून स्वयंपाक करावा लागतो, याचे २ गुण. अंघोळीसाठी आधाराचा दांडा लागतो, २ गुण. कमरेखालचे कपडे चढवताना कोणाची तरी मदत लागते, २ गुण. शौचालयात उंच केलेली बैठक लागते, २ गुण. एकूण ८. कोणतीही एक कृती पूर्णपणे अडलेली नाही. पण सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत प्रत्येक कृतीला काही ना काही आधार लागतो. सध्याच्या नियमानुसार तिला साधा दर, म्हणजे २०२५-२६च्या दराने वर्षाला सुमारे ३,८४० पौंड मिळतील.

मार्च २०२५मध्ये मांडलेला आणि जुलैत मागे घेतलेला नियम असा होता की, दैनंदिन जीवनाचा भत्ता मिळण्यासाठी किमान एका कृतीत ४ गुण हवेत. त्या नियमाखाली हीच अभियंता, एवढेच ८ गुण मिळवूनही, अपात्र ठरली असती. एकवटलेली अडचण खरी आणि विखुरलेली अडचण किरकोळ, असे त्यामागचे गृहीतक होते. जुनाट वेदनेचा स्वभाव नेमका उलट असतो. ती एखादाच अवयव निकामी करत नाही, तर सगळा दिवस थोडाथोडा कुरतडते. पाठदुखी आणि संधिवात असणाऱ्या लाभार्थींपैकी बहुसंख्यांना कोणत्याच एका कृतीत ४ गुण नाहीत, हे सरकारच्याच आकडेवारीतून पुढे आले होते. म्हणूनच कलम गेले तरी ते गृहीतक फेरआढाव्यात पुन्हा डोके वर काढणार नाही ना, ही चिंता उरते.

कायद्यातील चार कसोट्या

पिपच्या नियमावलीतील चौथ्या नियमात एक तरतूद आहे, तिची चर्चा फारशी होत नाही. एखादी कृती 'जमते' असे केव्हा म्हणावे, याच्या चार कसोट्या तेथे दिल्या आहेत. ती सुरक्षितपणे जमली पाहिजे, समाधानकारक दर्जाने जमली पाहिजे, गरजेइतक्या वेळा जमली पाहिजे आणि वाजवी वेळात जमली पाहिजे. 'सुरक्षितपणे' या शब्दाच्या व्याख्येत कृती करताना होणाऱ्या अपायाबरोबर नंतरचा अपायही धरलेला आहे. 'वाजवी वेळ' म्हणजे निरोगी माणसाला लागणाऱ्या कमाल वेळाच्या दुपटीपेक्षा अधिक नाही. सातव्या नियमानुसार अडचण वर्षातील निम्म्याहून अधिक दिवस असली म्हणजे पुरे. रोज असण्याची अट नाही. चालताना होणारी वेदना, तिची तीव्रता आणि मध्येमध्ये घ्यावी लागणारी विश्रांती यांचा विचार 'समाधानकारक दर्जा' ठरवताना करावा लागतो, असे उच्च न्यायाधिकरणाने २०१६मध्ये स्पष्ट केले आहे.

याचा अर्थ असा की, वेदना कशी मोजावी याचे बऱ्यापैकी शहाणे उत्तर कायद्याकडे आधीच आहे. पन्नास मीटर चालता येणे आणि पन्नास मीटर चालून उरलेली दुपार अंथरुणात काढावी लागणे, यांतील फरक कायदा जाणतो. तो हरवतो मूल्यांकनाच्या टप्प्यावर. खासगी कंपनीने नेमलेला आरोग्य-व्यावसायिक दूरध्वनीवरून किंवा समोरासमोर काही प्रश्न विचारतो. "स्वयंपाक करता का?" या प्रश्नाला "हो" असे उत्तर मिळाले आणि पुढचे चार उपप्रश्न विचारलेच गेले नाहीत, तर अहवालात 'स्वतंत्रपणे करू शकतात' एवढेच उरते.

यात औषधांच्या यादीची भर पडते. 'नाइस' या संस्थेने २०२१मध्ये इंग्लंडमधील डॉक्टरांना दिलेल्या मार्गदर्शनानुसार, दुसऱ्या कोणत्याही आजाराने उलगडा न होणाऱ्या प्राथमिक जुनाट वेदनेवर पॅरासिटामॉल, दाहशामक गोळ्या, अफूजन्य औषधे किंवा गॅबापेंटिन सुरू करू नये. व्यायाम, मानसोपचार, अॅक्युपंक्चर आणि काही नैराश्यविरोधी औषधे यांचा विचार करावा. वैद्यकीयदृष्ट्या त्यामागे कारणे आहेत. पण परिणामी हा सल्ला पाळणाऱ्या रुग्णाच्या कागदोपत्री वेदनाशामक गोळ्याच दिसत नाहीत. 'तीव्र औषधे नाहीत, म्हणजे तीव्र वेदना नाही' असा निष्कर्ष मूल्यांकनात निघाला, तर आरोग्यसेवेचा सल्ला पाळल्याची शिक्षा रुग्णालाच भोगावी लागते.

'चाललंय' या उत्तराची किंमत

मराठी मध्यमवर्गाची जडणघडण येथे आड येते. ठणका, कळ, चमक, सल, शिणवटा. मराठीत वेदनेसाठी शब्दांची वाण नाही. पण त्या शब्दांचा वापर घराबाहेर करू नये, हाही संस्कारच. डॉक्टरने विचारले तरी "चाललंय, ठीक आहे" असे म्हणून वेळ मारून नेली जाते आणि तेच दवाखान्याच्या नोंदीत उतरते. दोन वर्षांनी अर्जासोबत हीच नोंद पुरावा म्हणून जोडली जाते आणि अर्जदाराच्या म्हणण्याला छेद देते. सोसण्याच्या सवयीची कागदावर अशी वजाबाकी होते.

अर्जाला विशेषणांची गरज नसते. त्याला तपशील लागतो. 'असह्य पाठदुखी' या शब्दांना गुण नाहीत. 'भाजी चिरताना दर पाच मिनिटांनी बसावे लागते. आठवड्यातून चार दिवस पातेले उचलता येत नाही. अंघोळीनंतर तासभर पडून राहावे लागते' या वाक्यांना आहेत. दोन-तीन आठवड्यांची रोजनिशी, वेदना-चिकित्सालय किंवा फिजिओथेरपिस्टचे पत्र, घरातल्या माणसाचे लेखी निवेदन आणि कार्यालयाने बदललेल्या कामाच्या स्वरूपाची नोंद, हे पुरावे निदानाच्या प्रमाणपत्राइतकेच, कधी त्याहूनही अधिक, उपयोगी ठरतात. नोकरी चालू असल्यास ती कशी चालू आहे, हे मुद्दाम लिहावे: घरून काम, मध्येमध्ये विश्रांती, संध्याकाळी पूर्ण थकवा. अन्यथा 'आठ तास संगणकावर बसतात' हे एकच वाक्य विरोधात जाते.

नकार आला म्हणजे सारे संपले असेही नाही. एक महिन्याच्या आत अनिवार्य फेरविचार मागता येतो आणि त्यानंतर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तेथे न्यायाधीशाबरोबर सामान्यतः एक डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेला एक सदस्य बसतो. सुनावणीपर्यंत पोहोचलेल्या पिप प्रकरणांपैकी सुमारे दोन-तृतीयांश प्रकरणांत गेल्या काही वर्षांत निकाल अर्जदाराच्या बाजूने लागला आहे. नियम तेच, माणूसही तोच. फरक एवढाच की येथे उपप्रश्न विचारले जातात. हे यश अपिलाच्या व्यवस्थेचे असले, तरी पहिल्या टप्प्यावरील मूल्यांकनाबद्दल ते गंभीर प्रश्न उभा करते.

व्हिसाची अदृश्य भिंत

ब्रिटनमधील अनेक मराठी व्यावसायिकांपुढे या सगळ्याआधीच एक दार बंद असते. कुशल कामगार व्हिसावर 'सार्वजनिक निधीचा लाभ नाही' ही अट असते आणि पिप त्या निधीत मोडतो. सामान्यतः कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यावरच अर्जाचा मार्ग खुला होतो. त्यातही गेल्या १५६ आठवड्यांपैकी किमान १०४ आठवडे देशात असणे बंधनकारक आहे. आईवडिलांच्या आजारपणासाठी दीर्घकाळ पुण्या-मुंबईस गेलेल्यांनी हे गणित तपासलेले बरे. सामान्य वास्तव्यकाळ पाचवरून दहा वर्षांवर नेण्याचा सरकारचा इरादा मे २०२५च्या श्वेतपत्रिकेत आला आणि सार्वजनिक लाभ घेतलेल्यांसाठी ही प्रतीक्षा आणखी लांबवण्याचा प्रस्ताव नोव्हेंबरमध्ये मांडला गेला. हे अमलात आले, तर कर आणि राष्ट्रीय विमा भरणाऱ्या माणसाला दुखणे जडल्यावर आधाराविना काढावी लागणारी वर्षे वाढतील.

तोवर हाती काहीच नाही, असे मात्र नाही. विमा-वर्गणीवर आधारित 'न्यू स्टाइल ईएसए' हा आजारपणाचा भत्ता सार्वजनिक निधीत गणला जात नाही. पुरेशी वर्गणी भरलेला व्हिसाधारक त्यासाठी अर्ज करू शकतो. २०१०चा समानता कायदा व्हिसा पाहत नाही. वर्षभर टिकलेले किंवा टिकण्याची शक्यता असलेले आणि दैनंदिन जीवनावर ठळक परिणाम करणारे दुखणे या कायद्याखाली अपंगत्व ठरते आणि कामाच्या ठिकाणी वाजवी बदल करणे मालकावर बंधनकारक होते. 'अपंग' हा शब्द स्वतःला लावून घेण्याचा संकोच या हक्काच्या आड येऊ नये.

टिम्स यांच्या फेरआढाव्यात अपंग व्यक्तींना सहभागी करून घेण्याचे आश्वासन आहे. ते पाळले गेले, तर चार कसोट्या मूल्यांकनाच्या प्रत्येक प्रश्नात कशा उतरवाव्यात, हा त्यातील कळीचा मुद्दा ठरावा. खर्चकपातीच्या दडपणाखाली पुन्हा एखादी सरसकट रेषा आखली गेली, तर तिच्या पलीकडे सर्वप्रथम लोटले जातील ते ज्यांचे दुखणे दिसत नाही, असे लोक. त्यांतले बरेच जण उद्या सकाळीही वेळेवर कामाला बसतील आणि कोणी विचारले तर "चाललंय" म्हणतील. त्या उत्तरामागचे वास्तव विचारून काढण्याची जबाबदारी व्यवस्थेची आहे. आणि डॉक्टरांपुढे तरी ते स्पष्ट शब्दांत सांगणे रुग्णाच्याच हिताचे आहे.