इतकी वर्षे खात आलो...

‘इतकी वर्षे खात आलो, कधी काही झाले नाही,’ हे विधान वडीलधाऱ्यांच्या तोंडी शोभते आणि आहाराच्या बाबतीत बहुधा खरेही ठरते. एका अळंबीपुढे मात्र ते टिकत नाही.

पॅक्सिलस इन्व्हॉल्युटस ही तपकिरी अळंबी युरोपात भूर्ज वृक्षांच्या आसपास उगवते. टोपीची कड आत मुडपलेली, खाली पातळ उभे पडदे. हे पडदे बोटाने अलगद सुटून येतात. टोपीखाली पडद्यांऐवजी छिद्रे असणाऱ्या ‘बोलेट’ अळंब्यांशी तिच्या पॅक्सिलेसी कुळाचे जवळचे नाते आहे, त्याची ही एक खूण.

पोलंड व पूर्व युरोपात ती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेली. कच्ची खाल्ल्यास पोट बिघडते, म्हणून ती उकळून, खारवून ठेवीत. उकळल्याने पोटाचा त्रास टळे आणि विष गेले असे वाटे. १९४४ साली हीच अळंबी खाऊन ज्युलियस शेफर आजारी पडले; मूत्रपिंडे निकामी झाली आणि सतरा दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. शेफर हे स्वतः जर्मनीतील नामवंत कवकशास्त्रज्ञ होते! त्या काळी ही अळंबी खाद्यच मानली जाई.

उलगडा झाला तो १९८०च्या दशकात, स्वित्झर्लंडचे डॉक्टर रेने फ्लामर यांच्या संशोधनातून. या अळंबीतील एका घटकाविरुद्ध काहींच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. ती उकळण्याने टळत नाहीत. अनेकदा निर्धास्त खाल्ल्यानंतर एखाद्या जेवणात हा घटक व प्रतिपिंडे एकत्र येऊन तांबड्या पेशींना चिकटतात, पेशी फुटतात आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. म्हणजे पूर्वीची निर्विघ्न जेवणेच या आजाराची तयारी करीत असतात.

आपली मुले युरोपात असतील आणि शरद ऋतूत आपण तिकडे गेलात, तर शेजाऱ्याने प्रेमाने दिलेली रानातली अळंबीही नम्रपणे नाकारावी. कोकणातल्या अळंबीची आपली पारख तिकडच्या रानात चालत नाही. कुणी खाल्लीच आणि काही तासांत उलट्या, पोटदुखी, कंबरदुखी सुरू झाली, लघवी गडद झाली वा कमी झाली, डोळे पिवळसर दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. यावर उतारा नाही. परंतु वेळीच रक्तद्रव बदलणे व डायलिसिस यांचा आधार मिळू शकतो. निघताना उरलेली भाजी, निवडताना टाकलेले तुकडेसुद्धा, कागदात गुंडाळून सोबत न्यावेत.