एका ग्रॅमात दहा गुंठे

धूर बाहेर सोडणारा पाइप नसलेली चिमणी स्वयंपाकघरात असेल, तर वासाचा सगळा भार तिच्यातल्या कोळशावर पडतो. वर्षा-सहा महिन्यांत तो कोळसा थकतो. मग दुकानदार म्हणतो, "काका, अख्खा फिल्टरच बदला. आतला कोळसा सुटा मिळत नाही." मिळतो की! पाण्याच्या नि माशांच्या टाक्यांचं सामान विकणाऱ्यांकडे किलोवर मिळतो. अख्ख्या फिल्टरच्या किमतीत प्लास्टिकच्या चौकटीचे पैसेच जास्त.

हा कोळसा म्हणजे पुष्कळदा आपल्या नारळाची करवंटीच. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात १९५५पासून नारळावर काम चाललंय, आणि आमच्या मागल्या दारी करवंटी अजून न्हाणीघराच्या चुलीत जाते. तीच बेताच्या हवेत जाळून कोळसा करायचा, मग आठशे ते हजार अंश तापमानाला त्यावर वाफ सोडायची. वाफ कोळसा आतून पोखरत जाते नि त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. ती सगळी उलगडून पसरली तर एका ग्रॅमाचा पृष्ठभाग साधारण हजार चौरस मीटर भरतो, म्हणजे दहा गुंठे. सातबाऱ्यावर चढत नाही, एवढंच. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत हाच कोळसा होता. करवंट्या पुरेनात, तेव्हा १९१८ साली अमेरिकेत लोकांकडून पीचच्या आठळ्या गोळा केल्या गेल्या.

आता भरायचं कसं? आधी फिल्टर हलवून बघावा. आत दाणे खुळखुळले तर तो भरता येतो. कोळसा लावलेला स्पंज किंवा डिंकाने चिकटवलेली वडी असेल, तर नाद सोडावा. जाळीच्या कडेचे खटके पातळ पेचकसाने उचकटायचे. बाहेर पडलेले दाणे नव्यासारखेच काळे दिसतात, पण बोटांना तेलकट लागतात. ते उन्हात वाळवून परत घालायचा सल्ला बरेच जण देतात. उन्हाने ओल जाते, छिद्रांत रुतून बसलेलं तेल नि वास जात नाहीत. त्यांना काही शे अंशांची भट्टी लागते.

नवा कोळसा जाळीतून गळणार नाही एवढ्या जाड दाण्याचा घ्यावा. भुकटी नको, ती पंख्यावर बसते. गॅलरीत रद्दी पसरून, नाकाला फडकं बांधून आधी चाळून घ्यावा. वाऱ्याच्या दिशेला वाळत घातलेले कपडे नसावेत. भरताना चौकट टिचक्या मारत हलवत राहायची, कारण एका कोपऱ्यात पोकळी राहिली तर हवा नेमकी तिथूनच निसटते आणि बाकीचा कोळसा बिनकामाचा बसून राहतो.

आमच्याकडची खरी अडचण पावसाळ्याची. दमट हवेत छिद्रं पाण्याच्या वाफेनेच भरू लागतात, वासाला जागा उरत नाही. म्हणून भरण्याचं काम नवरात्र झाल्यावर, हवा कोरडी पडली की करावं, आणि उरलेला कोळसा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. पण वास जास्त जाणवतो तो जून-जुलैतच: खिडक्या बंद, आणि आगोटीला भरून ठेवलेले बोंबील, सुकट तव्यावर.

त्यात मासळीच्या वासातलं ट्रायमिथिलअमाईन साधा कोळसा नीट धरत नाही. त्यासाठी आम्ल लावलेला कोळसा वेगळा येतो, महागही असतो. अमाईनला आम्ल भेटलं की त्याचा क्षार होतो आणि तो हवेत उडत नाही. आमच्या आईला यातलं रसायनशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण बांगडा धुतला की ती त्याला कोकमाचं आगळ चोळून ठेवायची. तो महागडा कोळसा मी अजून आणलेला नाही.