डावा हातमोजा सुटा द्या!

ऊसतोड भावांनो, बहिणींनो, आणि पत्रक हाती पडलंच तर कारखान्याच्या साहेबांनो,

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोद्याकडच्या वस्त्या ऊसतोडीपायी ओस पडतात. फडात उजव्या हातात कोयता, डाव्यात ऊस. पाचटाची धार, कोयत्याचा चुकलेला घाव, सगळं डाव्यावर. फाटतो तो डावा हातमोजा (डावखुऱ्यांचा उजवा). बाजारात मात्र जोडीच घ्या! उरलेला कोराकरकरीत उजवा काय खुंटीला टांगायचा?

ऊसतोडणी यंत्राला सरकारनं २०२३ मध्ये ३५ लाखांपर्यंत अनुदान देऊ केलं. त्या यंत्राचं पातं झिजलं तर पातंच बदलतात, यंत्र भंगारात घालत नाहीत. तेवढी अक्कल माणसाच्या हातासाठी का नको?

"बायकांना हातमोजा-बुटांची सवयच नाही हो," म्हणणाऱ्यांनी फडात यावं. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, हाताला बोटं कापलेले पायमोजे, डोक्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ. विस्कटली की पुन्हा वळायची, मळली की धुवायची. पुन्हा पुन्हा वापरता येणारी टिकाऊ वस्तू कशी असते, ते त्या चुंबळीत बघा.

दिलेला हातमोजा आम्ही काढून ठेवतो, त्यालाही कारण आहे. जाड मोज्यात बोटं वळत नाहीत, ऊस निसटतो. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला ३६६ रुपये झाला. पण मोजतात टनच. हात मंदावला की मोळ्या कमी. वर खाडा पडला तर दंड. मोजा काढण्याला अडाणीपणा म्हणू नका, तो हिशेब आहे.

तेव्हा हातमोजा एकेरी मिळावा, तळहाताचा जाड पट्टा वेगळा बदलता यावा. नडगीचं कवच बंदांनी बांधायचं, धुता येणारं आणि बाईच्या मापाचं असावं. बुटाचा तळ शिवलेला हवा. चिकटवलेला ओल्या फडात किती दिवस टिकणार? सुटे भाग आमच्या राहत्या कोप्यांजवळ मिळावेत, बीडच्या कचेरीत नव्हे.

आणि हजारो नगांची खरेदी करण्याआधी एका टोळीला पंधरा दिवस वापरायला द्या. पसंत-नापसंत बाया सांगतील, ठेकेदार नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आमच्याच नावाचं आहे. खर्च तिथून करा. आमच्या आगाऊ उचलीत मात्र एक रुपयाही चढवायचा नाही.