प्रजासत्ताक होतं, लोकशाही रजेवर होती

दूध बाजारात चहा घेताना आमचा नेहमीचा वाद रंगला होता. खिलाफत बरी, राजेशाही बरी, की लोकशाही? कोणी तुर्कस्तानचं उदाहरण देत होतं, कोणी सौदीचं. मी विचारलं, "मार्च २०२२ नंतर आपल्या नाशिक शहरात कोणती व्यवस्था होती?" सगळे गप्प.

लोकशाही आणि प्रजासत्ताक हे शब्द आपण जोडीनेच घेतो, पण ते एक नव्हेत. ब्रिटनमध्ये लोकशाही आहे, पण राजाही आहे, म्हणून ते प्रजासत्ताक नाही. चीन स्वतःला प्रजासत्ताक म्हणवतो, पण तिथला सत्ताधारी पक्ष मतदानाने बदलता येत नाही. राज्य कुणा घराण्याची मालमत्ता नाही, हे झालं प्रजासत्ताक. ते कोणी आणि किती दिवस चालवायचं हे लोकांनी ठरवणं, ही लोकशाही.

आता नाशिक महापालिका बघा. फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडणूक झाली. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि १२२ नगरसेवक घरी गेले. ७४व्या घटनादुरुस्तीप्रमाणे मुदत संपण्याआधीच नवी निवडणूक व्हायला हवी होती. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात ती अडकली, आयुक्तच प्रशासक झाले. महासभेचे अधिकार त्यांच्याकडे, स्थायी समितीचेही त्यांच्याकडेच. म्हणजे अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच! यात कुणा अधिकाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. प्रशासक असला की कामं झटपट होतात, असं माझेच काही दोस्त म्हणतात. चांगल्या राजाचे गोडवेही लोक असेच गात असतील.

२०१७ मध्ये सतरा वर्षांचा असलेला मुलगा महापालिकेसाठी पहिलं मत देईपर्यंत पंचविशी ओलांडायला आला. तोवर घरपट्टीची बिलं मात्र वेळेवर येत होती.

६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. लोकशाहीला रजेवरून परत बोलावलं ते प्रजासत्ताकाच्या घटनेने आणि न्यायालयाने. अर्थात, याच न्यायालयात तारखांवर तारखाही पडल्या होत्या, तेही विसरू नये.

निवडणुकीनंतर आमचा कट्टा पुन्हा भरला. मी विचारलं, "आपल्या प्रभागातून कोण कोण निवडून आलं?" दोघांना एकेक नाव आठवलं. एर्दोगानचं नाव मात्र सगळ्यांना पाठ होतं.